सेमरझिरीचे बुंधे

लग्न होऊन रत्नप्रभा पोतनीस भोपाळला आली, तेव्हा तिच्या ट्रंकेत साड्यांच्या घड्यांमध्ये गुंडाळलेला एक कॅमेरा होता. वडिलांचा, नरहरपंतांचा, मिरजेत फोटो स्टुडिओ. मुलगा नव्हता म्हणून म्हणा किंवा हिचा हात चांगला म्हणून म्हणा, त्यांनी थोरल्या मुलीला अंधाऱ्या खोलीतलं सगळं काम शिकवलं होतं. फिल्म धुणं, प्रिंट काढणं, नवरदेवाच्या गालावरचे देवीचे व्रण पेन्सिलीनं अलगद बुजवणं. निघताना त्यांनी आपला जुना, दोन भिंगांचा कॅमेरा तिच्या हाती दिला. म्हणाले, "दागिने आईनं दिलेत. हा माझ्याकडून."

नवरा सदाशिव मोठ्या सरकारी कारखान्यात, टूल रूममध्ये होता. वसाहतीत एकाच साच्यातून काढल्यासारखी क्वार्टर्स, सकाळी भोंगा, भोंग्यामागून सायकलींचा लोंढा, आणि तो ओसरला की रस्त्यावर फक्त बायका आणि भाजीच्या हातगाड्या. एका बाजूला बंगाली शेजार, दुसऱ्या बाजूला मल्याळी. मराठी कानावर पडायचं ते महाराष्ट्र मंडळात, नाहीतर घरात. पहिल्या वर्षभरातच रत्नप्रभेच्या तोंडी 'सब्जी' बसली आणि आईला पत्र लिहिताना 'भाजी' आठवून लिहावी लागू लागली.

सदाशिव अबोल माणूस. पण बायकोचं मन कशात आहे हे त्यानं लवकर ओळखलं. बाथरूमच्या खिडकीला काळा कागद त्यानंच चिकटवला, लाल दिवा बसवला, आणि पाण्याच्या टाकीवर ट्रे ठेवायला लोखंडी चौकट करून आणली. आंघोळीच्या साबणाला महिनोन्महिने हायपोचा, फोटो धुण्याच्या रसायनाचा, वास यायचा. त्यावरून घरात कधी शब्दाला शब्द लागला नाही.

रविवारी दोघं स्कूटरवरून निघत. असंच एकदा, थंडीत, रायसेनच्या बाजूला गेले असता कच्च्या रस्त्यानं वाट चुकली आणि स्कूटर एका सागाच्या जंगलात येऊन थांबली. सदाशिव गावाची दिशा विचारायला माणूस शोधत होता. रत्नप्रभा उतरली आणि तिथंच उभी राहिली.

समोरचं झाड एक झाड नव्हतं. जमिनीलगत चांगला घडवंचीएवढा रुंद बुंधा, गाठीगाठींचा, मधोमध पोकळ, आणि त्याच्या कडेनं गोल फेर धरल्यासारखे वर गेलेले सरळसोट साग. पलीकडे तसंच दुसरं. त्यापलीकडे तिसरं. एकाच्या पोकळीत पावसाळ्यातलं पाणी अजून साचलेलं होतं आणि त्यात आभाळाचा तुकडा दिसत होता.

"अहो," ती म्हणाली, "ही झाडं किती म्हातारी आहेत बघा."

सदाशिवनं वरच्या खोडांकडे पाहिलं. "म्हातारी? मांडीएवढीसुद्धा नाहीत."

"वर नका बघू. खाली बघा."

लाकडाची मोळी डोक्यावर घेतलेली एक बाई वाटेनं येत होती. हे दोघं बुंध्यासमोर उकिडवे बसलेले पाहून ती थबकली आणि हसायलाच लागली. "क्या खो गया, बाई?"

सुकमन तिचं नाव. जंगलालगतच्या सेमरझिरी गावातली, गोंडाची. वयानं रत्नप्रभेच्या बरोबरीचीच असेल. मोळी खाली टाकून ती गप्पांना बसली आणि झाडांचं कोडं तिनंच सोडवलं. हे जंगल नवाबाच्या वेळेपासून कापलं जात होतं. कोळशाच्या भट्ट्यांसाठी, घराच्या वाशांसाठी, रेल्वेसाठी. पण मुळावर घाव घालायचा नाही. हातभर बुंधा ठेवून वरचं तेवढं तोडायचं. पाऊस पडला की बुंध्याच्या कडेनं फुटवे यायचे, त्यातले चांगले राखायचे, आणि पंचवीस-तीस वर्षांनी त्या भागाची पाळी पुन्हा आली की पुन्हा तोड. वरचं लाकूड नवं, खालचा बुंधा मात्र तोच. हा सामनेवाला तर माझ्या आजेसासऱ्यानं तोडला, मग सासऱ्यानं तोडला, आणि आता परत वाढलाय, सुकमन म्हणाली.

"फोटू निकालोगी?" तिनं कॅमेऱ्याकडे बोट केलं.

"निकालूँगी. तुम भी खड़ी हो जाओ."

"मेरा क्या निकालना! इसका निकालो. ये कहीं भागता नहीं."

त्या दिवसापासून सेमरझिरी हा रत्नप्रभेचा रविवार झाला. दर रविवारी जमायचं असं नव्हे. मुलगी झाली, विजया, ती मोठी होईपर्यंत दोन-तीन वर्षं खंडही पडला. पण थंडी सुरू झाली की तिचं चित्त थाऱ्यावर राहायचं नाही. पानं गळाली, उजेड तिरपा झाला, की बुंध्यांच्या सुरकुत्या उठून दिसतात हे तिला कळलं होतं. सदाशिव छत्री धरून ऊन अडवायचा. सुकमन कामातून सवड काढून यायची, कधी मोहाची फुलं घेऊन, कधी नुसतीच. तिच्या गावच्या लोकांनी बऱ्याच बुंध्यांना नावं दिली होती. पाच खोडांचा तो पंच. मोठ्या पोकळीचा तो कोठी, कारण अचानक पाऊस आला तर पोरं त्यात शिरून बसायची. एकाचं नाव नुसतं सास.

"सास क्यों?" रत्नप्रभेनं विचारलं होतं.

"मेरी सास उसी के पास बैठती थी. उसी के जैसी टेढ़ी थी," सुकमन म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली.

रत्नप्रभेनं सासचा फोटो काढला, तो तिच्या साऱ्या फोटोंमध्ये सरस ठरला. कुशीवर झोपलेल्या जनावरासारखा तो बुंधा, पाठीवर शेवाळ, आणि त्याच्या पोटाच्या पोकळीतून फुटलेला बोटाएवढा कोंब. वडील तेव्हा थकले होते. तिनं त्यांना प्रिंट पाठवली. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं, 'प्रिंटमधलं काळं चांगलं काढलं आहेस.' ती दिवसभर ते कार्ड घेऊन घरात फिरत होती.

पुढं एका गणेशोत्सवात महाराष्ट्र मंडळानं हौशी कलावंतांचं प्रदर्शन भरवलं. रांगोळ्या, भरतकाम, आणि एका भिंतीवर रत्नप्रभेचे बुंधे. बायका येत, मान तिरकी करून बघत आणि म्हणत, "वा, छान," आणि पुढं सरकत. एकीनं विचारलं, "पण तुम्ही फुलं का नाही हो काढत?" संध्याकाळी मात्र एक गृहस्थ त्या भिंतीसमोर आले ते हललेच नाहीत. ग्वाल्हेरचे शितोळे. जंगलाच्या कामावरचे मोठे साहेब, नुकतीच भोपाळला बदली झालेले.

"वहिनी, हे सेमरझिरी आहे ना?" त्यांनी विचारलं. "मी तिथं खूप घुमलो आहे. पण तुम्ही जे पाहिलंत ना, ते आमच्यापैकी कुणाच्या नजरेतच आलं नाही."

रत्नप्रभेला इतक्या वर्षांत कुणी असं म्हटलं नव्हतं. शितोळे आठवड्यानं घरी आले, पत्नीला, लीलाताईंना, घेऊन. चहा झाला, पोहे झाले. काही फोटो मोठे करून देता येतील का, असं त्यांनी अदबीनं विचारलं. वरच्या लोकांना दाखवायचे आहेत. जंगलासाठी काही मोठं करायचं मनात आहे.

"मी देते ना," ती म्हणाली. सदाशिवनं कागद जवाहर चौकातून आणला, तो पुरेना, तेव्हा पुन्हा गेला. तिनं एकेक प्रिंट जीव ओतून काढली. सासच्या तर किती काढल्या आणि किती फाडल्या. जंगल वाचवायला आपले फोटो कामी येणार, असंच ती धरून चालली होती. शितोळे तसं बोलले नव्हते. पण तिनंही तसं विचारलं नव्हतं.

सहा-आठ महिन्यांनी त्यांनी आपण होऊन छापील पुस्तिका पाठवली. वर सुरेख अक्षरात 'सौ. पोतनीस यांस आभारपूर्वक'. आत तिचेच फोटो, चांगले छापलेले. सासचा फोटो पानभर. आणि त्याखाली हिंदीत एक ओळ, तिचा अर्थ असा, की वारंवार तोडीमुळं जीर्ण व निकामी झालेले बुंधे. यांपासून पुढं चांगलं लाकूड मिळण्याची आशा नाही. शेवटच्या पानावर योजना होती. जुने बुंधे मुळासकट काढायचे, जमीन नांगरायची आणि सागाची रोपं सरळ रांगांनी लावायची.

ती पुस्तिका हातात धरून ओट्याशी उभी राहिली. दूध उतू गेलं तेही तिला कळलं नाही. सदाशिव कामावरून आला, त्यानं पुस्तिका घेतली, सावकाश वाचली आणि म्हणाला, "चल. आत्ताच जाऊ त्यांच्याकडे."

शितोळ्यांनी दोघांना आदरानं बसवलं. माणूस खोटा नव्हता. तीच तर अडचण होती.

"वहिनी, तुम्हाला वाईट वाटलं का?" ते खरोखर चकित झाले होते. "अहो, मी तुमचं नाव छापायला सांगितलं होतं. ते राहिलं, त्याची माफी मागतो."

"नावाचं नाही हो," ती म्हणाली. "तुम्ही त्यांना निकामी म्हटलंय."

"मग काय म्हणू? तुमच्या फोटोतच दिसतंय ना साफ. आत पोकळ. शंभर-दीडशे वर्षं कापून कापून मुळांत जीव उरला नाही. नवी रोपं लावली तर तीस वर्षांत काय जंगल उभं राहील, जरा विचार करा. हे मी जंगलाच्या भल्यासाठीच करतोय."

"ते पोकळ आहेत म्हणून मी नव्हते काढले फोटो."

"मग कशासाठी काढले?" शितोळ्यांनी विचारलं. आवाजात उपहास नव्हता. त्यांना जाणून घ्यायचं होतं.

मिरजेच्या अंधाऱ्या खोलीत, वडिलांच्या शेजारी उभं राहून रत्नप्रभेनं इतके चेहरे ट्रेमधल्या पाण्यातून कागदावर वर येताना पाहिले होते. तसंच काहीतरी या बुंध्यांचं होतं. पण हे साहेबांना कसं सांगायचं, कुठल्या भाषेत? लीलाताई सरबत घेऊन आल्या. रत्नप्रभा म्हणाली, "बघा, थोडे तरी राहू द्या. गावातल्या लोकांचं त्यावरच चालतं." शितोळे म्हणाले, नव्या लागवडीवर गावातल्या लोकांना मजुरी मिळेलच.

उन्हाळा लागल्यावर काम सुरू झालं. सदाशिव म्हणाला, "जाऊ नकोस." ती म्हणाली, "जायला हवं." त्यानं कॅमेऱ्याची पेटी स्कूटरला अडकवली. ती तिनं काढून घरात ठेवली.

लांबूनच आवाज ऐकू येत होता. ट्रॅक्टरला साखळ्या लावून बुंधे ओढत होते. एखादा चटकन निघायचा, एखाद्याला दोन-दोन ट्रॅक्टर लागायचे आणि साखळी ताणली की जमीन आतून फाटल्याचा आवाज यायचा. निघालेले बुंधे ओळीनं उलटे पडलेले. मुळं इतकी लांब, इतकी ओली, की निकामी हा शब्द ज्यानं लिहिला त्यानं ती पाहिलीच नव्हती. धुळीत काही बाया फांद्या गोळा करत होत्या. त्यात सुकमन होती.

तिनं रत्नप्रभेला पाहिलं आणि जवळ आली.

"साहब लोग किताब लेके आए थे, बाई," सुकमन म्हणाली. "उसमें फोटू थे. मैंने देखते ही पहचान लिया. मैंने सबको बताया, ये हमारी बाई के हैं." हातातली काटकी तिनं उगीच मोडली. "उन्होंने पूछा, ये वाला कहाँ है. मैंने ही दिखाया. कोठी भी, पंच भी. मैं खुश थी ना."

रत्नप्रभेनं तिचा हात धरला. आपण साहेबांना फोटो दिले, ते कशासाठी आहेत हे नीट विचारलंही नाही, आपणसुद्धा अशाच खूश होतो, हे सगळं तिला सांगायचं होतं. तिनं तुटक हिंदीत सांगितलं. सुकमननं ऐकून घेतलं. ती रागावली नाही आणि "जाने दो"ही म्हणाली नाही. "तुमको भी नहीं बताया उन्होंने," एवढंच म्हणाली आणि मुकादमानं हाक मारली म्हणून वळली.

सासच्या जागी खड्डा होता. तिथं उभं राहून रत्नप्रभा रडली, तेव्हा सदाशिव पाठमोरा होऊन ट्रॅक्टरकडे बघत राहिला.

त्यानंतर ती सेमरझिरीला गेली नाही. कॅमेरा मात्र तिनं टाकला नाही. वसाहतीत कुणाचं बारसं, कुणाचा निवृत्तीचा समारंभ असला की बोलावणं यायचं आणि ती जायची. लोक म्हणत, पोतनीसबाईंचे फोटो म्हणजे माणूस आहे तसा दिसतो. झाडाचा फोटो तिनं पुन्हा काढला नाही. एकदा विजयाला शाळेसाठी वडाचा फोटो हवा होता, तर ही म्हणाली, "बाजारात चित्र मिळतं, ते घे."

विजया लग्न होऊन नाशिकला गेली. सदाशिव निवृत्तीला टेकला होता. शहराच्या कडेला अवधपुरीत प्लॉट घेऊन त्यानं दोन खोल्या उठवल्या होत्या, वर पत्रे होते, पुढं स्लॅब टाकू असं चाललं होतं. तो स्लॅब त्यानं पाहिला नाही. सकाळी कामावर गेलेला माणूस दुपारी कारखान्याच्या दवाखान्यातून परत आला तो पांढऱ्या चादरीखाली. टूल रूममधले सगळे आले होते. त्यातल्या एकानं रडत रडत तिला सांगितलं, "भाभी, कल ही कह रहे थे, रिटायर होके तुमको घुमाने ले जाएँगे." कुठं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

क्वार्टर सोडावं लागलं. सामान टेम्पोत भरताना बाथरूमच्या खिडकीवरचा काळा कागद तिनं ओढून काढला. त्याच्या मागची काच इतक्या वर्षांत कुणी पुसली नव्हती. ती तिनं पुसली आणि मगच दार लावलं. विजया म्हणाली, "आई, चल नाशिकला." ती गेली, महिनाभर राहिली आणि परत आली. बिट्टन मार्केटच्या आठवडी बाजारातून भाजी आणायची, मंडळात जायचं, दुपारी पडायचं. दिवस जात होते.

अवधपुरी तेव्हा भराभर वाढत होती. तिच्या समोरच्या प्लॉटवर तीन मजली बांधकाम सुरू झालं. वाळूच्या ढिगाशेजारी मजुरांनी निळ्या ताडपत्रीचं खोपट घातलं. एका सकाळी पायरीवर झाडू मारताना तिला विटांची पाटी डोक्यावर घेऊन जाणारी एक म्हातारी दिसली. हाताचा आधार नाही, मान ताठ. ती चाल तिनं ओळखली. झाडू तिथंच टाकून ती रस्ता ओलांडून गेली.

"सुकमन?"

म्हातारीनं पाटी उतरवली, डोळ्यांवर हात धरला. "फोटूवाली बाई," ती म्हणाली. वयानं सारख्याच, पण सुकमन दहा वर्षांनी मोठी दिसत होती. एका डोळ्यात फूल पडलं होतं.

दुपारी रत्नप्रभा चहा आणि पोळ्या घेऊन खोपटात गेली. नव्या लागवडीभोवती तार घातली गेली, मजुरी दोन हंगाम मिळाली, मग थांबली, सुकमन सांगत होती. मोळी आणायला जायची सोय राहिली नाही. घरची बाप्ये माणसं शहरात आली, त्यांच्यामागून बायकाही. नवरा गेला. मुलगा-सून याच इमारतीवर होते. गावात आता कोण राहतं, असं रत्नप्रभेनं विचारलं, तर ती म्हणाली, "जो चल नहीं सकते, वो."

"और पेड़? नए वाले?"

"खड़े हैं. लाइन से." सुकमननं खांदे उडवले. "उनको कोई नाम से नहीं बुलाता."

दुसऱ्या दिवशी रत्नप्रभेनं कपाटातून सासची प्रिंट काढली आणि नेली. नेताना तिला भीती वाटत होती, पण नेल्याशिवाय राहवेना. सुकमननं हात लुगड्याला पुसले, फोटो मांडीवर घेतला आणि एका डोळ्यानं अगदी जवळून पाहिला. तिचं बोट बुंध्याच्या पाठीवरून फिरत शेवाळापाशी थांबलं.

"इधर बैठती थी बुढ़िया," ती म्हणाली. "इधर पीठ टेक के. तंबाकू मलती थी." तिच्या गालावरून पाणी आलं ते तिनं फोटोवर पडू दिलं नाही, मान बाजूला केली. "इसको रखूँ कहाँ, बाई? यहाँ गीला हो जाएगा. फिर हम यहाँ से भी उठेंगे. तुम्हारे पास ही रहने दो."

"मेरे पास तो है. ये तुम्हारा है."

"मेरा होगा तो भी तुम्हारे पास रहने दो."

पावसाळ्यात रत्नप्रभा आजारी पडली आणि विजया तिला नाशिकला घेऊन गेली. परत आली तो इमारत पुरी झाली होती, गॅलऱ्यांतून कपडे वाळत होते, आणि खोपटाच्या जागी कुणाची तरी मोटार उभी होती. चौकीदाराला तिनं विचारलं. ठेकेदाराची माणसं दुसऱ्या साइटवर गेली, बहुतेक शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोलारच्या बाजूला, तो म्हणाला.

ती रिक्षा करून कोलारला गेली. तिथं बांधकामं अशी एक-दोन नव्हती. एकेका फाटकाशी थांबून तिनं विचारलं, सुकमन नावाची बाई, सेमरझिरीची, एक डोळा अधू. कुणी म्हणालं, इथं नाही. कुणी म्हणालं, नावं कोण विचारतो, माताजी. ऊन चढलं, तसा रिक्षावाला कंटाळला. "और आगे चलूँ?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, "चलो." पुढच्या वळणावर पुन्हा एक वाळूचा ढीग दिसला, निळी ताडपत्री दिसली, आणि ती खाली उतरली.